सरळ रेषेचं समीकरण: आधी चढ, मग छेद, मग आलेख

शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर मला पुन्हा एकदा गणिताच्या परीक्षेला बसावं लागलं. सरळ रेषेच्या प्रकरणासाठी मी पानभर सूत्रं लिहून भिंतीला चिकटवली होती. दोन बिंदू दिले तर हे, एक बिंदू आणि चढ दिला तर ते, दोन्ही अक्षांवरचे छेद दिले तर आणखी तिसरंच. गणित समोर आलं की पहिली काही मिनिटं यातलं कुठलं लावायचं याच विचारात जायची. लावलं तरी ऋण चिन्हात कुठेतरी पाय घसरायचा आणि रेषा भलतीकडेच निघून जायची.

पुढे लक्षात आलं, की त्या पानावर वेगवेगळी सूत्रं नव्हतीच. एकच गोष्ट वेगवेगळ्या कपड्यांत उभी होती: सरळ रेषेचा चढ, म्हणजे ती किती तिरकी आहे ते, कुठेही मोजा, तेवढाच येतो. हे हाती लागल्यावर पान काढून टाकलं. खालच्या पायऱ्या त्याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. पहिल्यांदा शिकत असाल तर क्रमाने जा. थोडंफार येत असेल तर पायरी २ आणि ७ तरी वाचाच, कारण सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात.

काय जवळ हवं

- आलेख कागद. नसेल तर चौकटींची वही चालते. कोरा कागद मात्र नको.
- पट्टी, निदान १५ सेंमीची. छोट्या पट्टीने रेषा तुकड्यातुकड्याने ओढली जाते आणि मध्ये वाकते.
- टोकदार पेन्सिल आणि खोडरबर. बोथट पेन्सिलीचा ठिपका अर्धी चौकट व्यापतो.
- जमल्यास जिओजेब्रा किंवा डेस्मॉस, म्हणजे संगणकावर किंवा फोनवर आलेख काढून दाखवणारी साधनं. हे हाताने काढून झाल्यावर पडताळायला. आधी तिथे बघाल तर हात कधीच बसणार नाही.

पूर्वतयारी म्हणून ऋण संख्यांची वजाबाकी आणि अपूर्णांकांचा संक्षेप एवढं यायला हवं. त्यापलीकडे काही लागत नाही.

अक्षरांविषयी एक खुलासा. आडव्या अक्षावरच्या संख्येला मी क्ष म्हणते, उभ्या अक्षावरच्या संख्येला य. चढासाठी च आणि रेषा य-अक्षाला जिथे छेदते त्या जागेच्या संख्येसाठी छ. च चढाचा, छ छेदाचा. वर्णमालेतही शेजारी, समीकरणातही शेजारी. तुमच्या पुस्तकात वेगळी अक्षरं असतील आणि छेदाला ‘आंतरछेद’ म्हटलेलं असेल. त्याने काही बिघडत नाही.

१. अक्ष आखा, पण प्रमाण घाईने ठरवू नका

कागदाच्या मधोमध आडवी आणि उभी रेषा ओढा. त्या भेटतात तो आरंभबिंदू, (०, ०). उजवीकडे आणि वर धन, डावीकडे आणि खाली ऋण. बिंदू लिहिताना आधी क्ष, मग य. (३, ५) म्हणजे उजवीकडे ३ आणि वर ५. (५, ३) हा वेगळाच बिंदू आहे. हे वाचताना हसू येईल, पण घाईत ही अदलाबदल माझ्याकडून कितीदा झाली याची मोजदाद नाही.

प्रमाण ठरवण्याआधी कोणते बिंदू मांडायचे आहेत ते बघा. सगळे आकडे −५ ते ५ च्या आत असतील तर १ सेंमी = १ एकक उत्तम. आकडे दोनशेपर्यंत जात असतील तर १ सेंमी = २० एकक घ्यावं लागेल. प्रमाण कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दोन्ही अक्षांवर प्रमाण वेगळं असेल तर दोन्ही लिहा, कारण पुढे त्यावरूनच फसगत होते.

२. चढ काढा

आधी ही जोडी बघा. क्ष ला ०, १, २, ३ दिले की य मिळतो १, ३, ५, ७. क्ष एकाने पुढे सरकला की य दर वेळी दोनाने वाढतो. कधी तीनाने, कधी एकाने असं नाही. म्हणून हे बिंदू एका सरळ रेषेत येतात. या ‘दर वेळी दोनाने’ चंच नाव चढ. इथे चढ २.

दोन बिंदू दिलेले असतील तर:

चढ = (दुसऱ्याचा य − पहिल्याचा य) ÷ (दुसऱ्याचा क्ष − पहिल्याचा क्ष)

म्हणजे किती वर गेलो, भागिले किती पुढे गेलो. समजा बिंदू (१, ३) आणि (५, ११) आहेत. वर गेलो ११ − ३ = ८. पुढे गेलो ५ − १ = ४. चढ ८ ÷ ४ = २.

आता थोडं खडबडीत उदाहरण: (−२, ७) आणि (४, −५).

वर: −५ − ७ = −१२
पुढे: ४ − (−२) = ४ + २ = ६
चढ: −१२ ÷ ६ = −२

ऋण चढ म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना रेषा उतरते. बिंदूंकडे नुसतं पाहूनही हे कळतं: क्ष वाढला, य कमी झाला. उत्तर धन आलं असतं तर तिथेच थांबून चूक शोधायची.

इथे तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हींत पडले आहे.

पहिला, ४ − (−२) चं ४ − २ करणं. ऋण संख्या नेहमी कंसात लिहा. कंस टाळून वाचलेली शाई नंतर खोडण्यात जाते.

दुसरा, वर एका क्रमाने वजाबाकी आणि खाली उलट क्रमाने. कोणता बिंदू पहिला मानायचा हे तुमच्या मर्जीवर आहे, पण एकदा मानला की वरही तोच आणि खालीही तोच. क्रम मध्येच फिरला की आकडा बरोबर येतो आणि चिन्ह उलटं. म्हणूनच ही चूक पटकन सापडत नाही. मी बिंदूंच्या डोक्यावर ‘प’ आणि ‘दु’ अशी अक्षरं लिहायला लागले आणि हा त्रास संपला.

तिसरा, क्ष चा फरक वर आणि य चा खाली. ‘वर चढलो’ म्हणून य वर, हे मनात धरा.

चढ अपूर्णांकात आला तर घाबरून दशांशात नेऊ नका. (३, १) आणि (९, ५) यांचा चढ ४/६, म्हणजे २/३. त्याचं ०.६७ केलंत की पुढची प्रत्येक पायरी जराशी चुकत जाते. शिवाय २/३ हा अपूर्णांक आलेख काढताना कामाला येतो: ३ पुढे, २ वर. दशांश अपूर्णांक असं काही सांगत नाही.

३. छेद काढा

रेषेचं समीकरण य = च·क्ष + छ असं असतं. चढ मिळाला आहे. आता दिलेल्यापैकी कोणताही एक बिंदू त्यात घाला. फक्त छ अज्ञात उरतो.

पहिल्या जोडीत चढ २, बिंदू (१, ३):
३ = २ × १ + छ, म्हणून छ = १.
समीकरण: य = २क्ष + १

दुसऱ्या जोडीत चढ −२, बिंदू (−२, ७):
७ = (−२) × (−२) + छ = ४ + छ, म्हणून छ = ३.
समीकरण: य = −२क्ष + ३

तिसऱ्या जोडीत चढ २/३, बिंदू (३, १):
१ = २ + छ, म्हणून छ = −१.
समीकरण: य = (२/३)क्ष − १

दोन बिंदूंपैकी ज्यात आकडे लहान आणि धन आहेत तो निवडा. उत्तर दोन्हींनी तेच येतं, मग डोक्याला ताप कशाला?

आता भिंतीवरच्या त्या बाकीच्या सूत्रांचं काय? समजा चढ २ आहे आणि रेषा (१, ३) मधून जाते. रेषेवरचा कुठलाही दुसरा बिंदू (क्ष, य) घ्या. (१, ३) पासून तिथवरचा चढही २ यायला हवा:

(य − ३) ÷ (क्ष − १) = २, म्हणजे य − ३ = २(क्ष − १)

पुस्तकातलं ‘एक बिंदू आणि चढ’ सूत्र ते हेच. इथे २ च्या जागी दोन बिंदूंवरून काढलेला चढ तसाच मांडला की ‘दोन बिंदूंचं’ सूत्र तयार होतं. पाठ करण्यासारखं त्यात काही नाही.

४. दुसरा बिंदू घालून तपासा

छेद काढताना एक बिंदू वापरला. उरलेला समीकरणात घाला. य = −२क्ष + ३ मध्ये क्ष = ४ घातला: −८ + ३ = −५. बिंदू (४, −५) होता, जमलं.

वापरलेलाच बिंदू पुन्हा घालून तपासलं तर चढ चुकलेला असूनही सगळं ठीक दिसतं, कारण छ आपण त्या बिंदूला जुळवूनच काढलेला असतो. मी कितीतरी दिवस अशीच तपासणी करून समाधान मानत होते.

५. समीकरणावरून आलेख काढा

दोन रस्ते आहेत.

तक्त्याचा रस्ता. क्ष ला तीन किमती द्या, य काढा, बिंदू मांडा, पट्टीने जोडा. रेषेला दोन बिंदू पुरतात हे खरं, पण तिसरा राखणदार आहे. दोन बिंदू चुकीचे असले तरी त्यांतून एक सुबक रेषा जातेच. तिसरा बाजूला पडला तरच चोरी पकडली जाते. य = −२क्ष + ३ साठी (−१, ५), (१, १), (३, −३) घ्या. बिंदू अगदी चिकटून घेऊ नका, नाहीतर पट्टी केसभर हलली तरी रेषेचं टोक दूर जातं.

अपूर्णांकी चढ असेल तर क्ष ला छेदाच्या पटीतल्या किमती द्या. (इथे छेद म्हणजे अपूर्णांकाचा खालचा आकडा. मराठीत हा शब्द दोन ठिकाणी राबतो, त्याला इलाज नाही.) य = (२/३)क्ष − १ मध्ये क्ष ला ०, ३, ६ दिले की य येतो −१, १, ३. क्ष = १ देऊन −१/३ कागदावर शोधत बसण्यात अर्थ नाही.

पायऱ्यांचा रस्ता. य-अक्षावर छ एवढ्या उंचीवर ठिपका द्या. तिथून चढाप्रमाणे चाला. चढ २/३ असेल तर ३ उजवीकडे, २ वर, ठिपका. पुन्हा ३ उजवीकडे, २ वर. चढ −२ असेल तर १ उजवीकडे, २ खाली. ऋण चिन्ह फक्त एकाच दिशेला लागू करा. डावीकडेही गेलात आणि खालीही गेलात तर दोन ऋणांचं धन होऊन रेषा चढायला लागते.

मला हा दुसरा रस्ता जास्त आवडतो, कारण त्यात समीकरण चालताना दिसतं. परीक्षेत तक्ता मागितला असेल तर अर्थातच तक्ता द्या.

रेषा शेवटच्या बिंदूशी थांबवू नका. ती दोन्हीकडे पुढे ओढा आणि टोकांना बाण काढा. शेजारी समीकरण लिहा.

६. समीकरण वेगळ्या रूपात दिलं असेल तर

बहुतेक वेळा समोर ३क्ष + २य = १२ असं काहीतरी येतं. इथे सगळ्यात सोपं म्हणजे एकेकाला शून्य करणं.

क्ष = ० घेतला तर २य = १२, य = ६. बिंदू (०, ६).
य = ० घेतला तर ३क्ष = १२, क्ष = ४. बिंदू (४, ०).

दोन्ही अक्षांवर ठिपके मिळाले, रेषा ओढा. राखणदार म्हणून क्ष = २ घ्या: ६ + २य = १२, य = ३. (२, ३) रेषेवर पडायला हवा.

चढ हवा असेल तर य एकटा करा: २य = −३क्ष + १२, म्हणून य = −(३/२)क्ष + ६. बाजू बदलताना ३ चं चिन्ह बदललं हे बघा. ‘क्ष च्या शेजारचा आकडा म्हणजे चढ’ हे तेव्हाच खरं जेव्हा य एकटा आणि बिनगुणक उभा असतो. ३क्ष + २य = १२ चा चढ ३ सांगणारे खूप भेटतात.

२क्ष − ३य = ० सारख्या समीकरणात शून्याची युक्ती अडते. क्ष शून्य तर य शून्य, य शून्य तर क्ष शून्य. दोन्हीकडून एकच बिंदू, आरंभबिंदू. अशा वेळी क्ष = ३ घ्या, य = २ मिळतो.

७. आडव्या आणि उभ्या रेषा

य = ४ ही रेषा आडवी. क्ष = ४ ही उभी. वाचायला सोपं, पण परीक्षेत निम्मे जण उलटं काढत असतील असं मला वाटतं. कारण ‘क्ष’ म्हटलं की डोळ्यांसमोर क्ष-अक्ष येतो, तो आडवा, म्हणून हात आपोआप आडवा जातो.

यावर उपाय एकच: बिंदू लिहून बघा. क्ष = ४ म्हणजे ज्यांची पहिली संख्या ४ आहे असे सगळे बिंदू: (४, −१), (४, ०), (४, ६). मांडलेत की ते एकाखाली एक उभे राहतात.

चढाचं काय? य = ४ वर कितीही पुढे गेलं तरी चढ-उतार नाही, म्हणून चढ ०. क्ष = ४ वर (४, −१) आणि (४, ६) घेतले तर ७ ÷ ० येतं आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगताच येत नाही. तो ‘शून्य आहे’ असं लिहिलंत तर उत्तर चूक. उभी रेषा य = च·क्ष + छ या रूपात बसत नाही; तिचं समीकरण क्ष = काहीतरी एवढंच.

दोन बिंदूंचे क्ष सारखे आहेत का, हे चढ काढायला घेण्याआधीच बघायची सवय लावा.

८. काढलेल्या रेषेवरून समीकरण वाचा

हे उलटं काम. कागदावर रेषा आहे, समीकरण हवं आहे. रेषा चौकटींच्या कोपऱ्यांतून नेमकी जिथे जाते असे दोन बिंदू शोधा, शक्यतो लांबलांबचे. अंदाजाने ‘साधारण अडीच’ वाचू नका. मग पायरी २, ३, ४.

इथे प्रमाणाचा घोळ होतो. आडवं १ सेंमी = १ आणि उभं १ सेंमी = १० असेल, आणि रेषा दर सेंमीला दोन सेंमी चढत असेल, तर चढ २ नसून २० आहे. चौकटी मोजू नका, अक्षांवरचे आकडे वाचा.

तापमानाचं उदाहरण करून बघाच. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला पाणी ० अंश सेल्सिअसला गोठतं, ते फॅरनहाइटमध्ये ३२. उकळतं १०० ला, ते २१२. म्हणजे बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२). चढ १८० ÷ १०० = ९/५. छेद तर दिलेलाच आहे, ३२. समीकरण य = (९/५)क्ष + ३२. शाळेत जे सूत्र म्हणून घोकलं ते दोन बिंदूंतून जाणारी रेषाच निघाली. चढाचा अर्थही इथे हाताला लागतो: सेल्सिअसचा एक अंश वाढला की फॅरनहाइटचे १.८ वाढतात. याच कागदावर य = क्ष ही रेषा ओढा आणि दोन्ही रेषा डावीकडे खाली वाढवत न्या. त्या (−४०, −४०) ला भेटतात. उणे चाळीसला दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवतात.

९. समांतर आणि लंब

समांतर रेषांचा चढ सारखा. य = २क्ष + १ ला समांतर आणि (१, ४) मधून जाणारी रेषा हवी असेल तर च = २ आयता मिळाला; ४ = २ + छ, छ = २; उत्तर य = २क्ष + २.

लंब रेषेसाठी चढ उलटा करा आणि चिन्ह बदला: २ चा −१/२, २/३ चा −३/२. दोन्ही चढांचा गुणाकार −१ येतो. त्याच बिंदूतून: ४ = −१/२ + छ, छ = ९/२, म्हणून य = −(१/२)क्ष + ९/२. नुसतं उलटं करून चिन्ह विसरणं, किंवा चिन्ह बदलून उलटं करायला विसरणं, ही नेहमीची चूक. आडव्या-उभ्या जोडीला हा गुणाकाराचा नियम लागत नाही, त्या डोळ्यांनीच दिसतात.

अक्षांवर प्रमाण वेगवेगळं असेल तर लंब रेषा कागदावर काटकोनात दिसणार नाहीत. मी एकदा अख्खं गणित बरोबर सोडवून, कोनमापकात ९० अंश येईनात म्हणून खोडून टाकलं होतं.

सरावासाठी

१. (०, −४) आणि (३, ५) मधून जाणारी रेषा.
२. (−३, २) आणि (५, −२) मधून जाणारी रेषा.
३. (७, १) आणि (७, −६) मधून जाणारी रेषा.
४. ५क्ष − २य = १० चा आलेख आणि चढ.
५. य = −३क्ष + ८ ला समांतर, (−१, ६) मधून जाणारी रेषा.

उत्तरं: १) य = ३क्ष − ४. २) य = −(१/२)क्ष + १/२. ३) क्ष = ७. ४) अक्षांवर (०, −५) आणि (२, ०), चढ ५/२. ५) य = −३क्ष + ३.

चौथ्यात चढ −५/२ आला असेल तर −२ ने भागताना चिन्ह सुटलं आहे. तिसऱ्यात छ शोधत बसला असाल तर पायरी ७ पुन्हा वाचा आणि या वेळी बिंदू खरोखर कागदावर मांडा.